नाण्यावरचे नाव : चीनचे कांस्यचलन आणि झाशीची बळवंतनगर टाकसाळ

१

नाणे ही नाणकशास्त्राची आणि अर्थेतिहासाची सामग्री होय, अशी समजूत आपल्याकडे रूढ आहे. साहित्याचा अभ्यासक ताम्रपटाकडे वळतो, शिलालेखाकडे वळतो, बखरी आणि पत्रव्यवहार तर तो आपलेच मानतो. नाण्यावरील लेख मात्र तो सहसा दुसऱ्यांच्या हवाली करतो. वास्तविक नाण्यावरील लेख हेही एक लेखनच आहे. त्याला भाषा आहे, लिपी आहे, ठरलेली शब्दयोजना आहे, काही परंपरांत छंदही आहे. ज्यांनी आयुष्यात एकही पोथी हाती धरली नाही अशा असंख्य माणसांच्या हातून ते रोज फिरलेले आहे. अशा लेखनाचे वाचन कसे करावे, हा प्रश्न तौलनिक साहित्याभ्यासाच्या कक्षेबाहेरचा मानण्याचे कारण नाही.

प्रस्तुत निबंधात हा प्रश्न झाशीच्या एका विशिष्ट संदर्भात उपस्थित केला आहे. पेशव्यांचे सुभेदार म्हणून नेवाळकर घराणे १७७० च्या सुमारास झाशीत आले आणि १८५४ पर्यंत, म्हणजे ऐंशीहून अधिक वर्षे, तेथे सत्तेवर राहिले. या काळात झाशीच्या टाकसाळीतून नाणी पडत होती. त्यांवर टाकसाळीचे नाव ‘बळवंतनगर’ असे आहे, भाषा फारसी आहे आणि राजाचे नाव दिल्लीच्या शाह आलम बादशहाचे आहे. रघुनाथ हरी, शिवरावभाऊ, रामचंद्रराव, गंगाधरराव यांपैकी कोणाचेही नाव त्यांवर नाही. ‘माझी झाशी देणार नाही’ हा उद्गार ज्या संस्थानाशी कायमचा जोडला गेला, त्याच्या नाण्यावर ‘झाशी’ हा शब्दही नाही.

यावरून काय निष्कर्ष काढावा? नाण्यावर ज्याचे नाव तोच राजा, हा नियम मानला तर झाशीचे नेवाळकर कधीच सार्वभौम नव्हते असे म्हणावे लागेल. १८५४ मध्ये संस्थान खालसा करताना कंपनी सरकारचा युक्तिवाद मुळात याच दिशेचा होता: झाशीचा अधिपती हा पेशव्यांचा नोकर, पेशव्यांचे बुंदेलखंडातील हक्क १८१७ च्या तहाने कंपनीकडे आले, सबब दत्तकाला मान्यता देणे न देणे ही कंपनीची मर्जी. नाण्याचा पुरावा या युक्तिवादाला दुजोरा देतो असे वरवर पाहता वाटते. तो तसा का देत नाही, हे दाखविणे हा या निबंधाचा हेतू आहे. त्यासाठी ज्या देशात नाण्यावरील नाव आणि राजसत्ता यांचे नाते सर्वांत घट्ट मानले गेले त्या चीनच्या कांस्यनाण्यांशी झाशीच्या नाण्यांची तुलना करणे उपकारक ठरेल.

२

चीनमध्ये एकछत्री साम्राज्याचा आरंभ आणि एकरूप चलनाचा आरंभ एकाच वेळी झाला. तत्पूर्वी निरनिराळ्या राज्यांत कुदळीच्या आकाराची, सुरीच्या आकाराची अशी कांस्यनाणी चालत. इ. स. पूर्व २२१ मध्ये छिन शी-ह्वांगने सर्व राज्ये जिंकल्यावर वजने, मापे आणि लिपी यांच्याबरोबर नाणेही एक केले. गोल चकती आणि मध्ये चौकोनी छिद्र असे त्याचे रूप होते. त्यावरील ‘पान-ल्यांग’ ही अक्षरे केवळ वजन सांगत, अर्धा ल्यांग एवढेच. पुढे हान सम्राट वू याच्या कारकीर्दीत इ. स. पूर्व ११८ मध्ये ‘वू-चू’, म्हणजे पाच चू वजनाचे, नाणे आले. पाच वर्षांनी नाणी पाडण्याचा अधिकार मध्यवर्ती सत्तेने आपल्याकडे घेतला. हे वू-चू नाणे मधल्या खंडांसह सात शतके टिकले.

इ. स. ६२१ मध्ये थांग सत्तेने ‘खाय-युआन थोंग-पाओ’ हे नाणे काढले. त्यावर वजन नाही. चार अक्षरांचा आशय ‘नव्या आरंभाचे सर्वत्र चालणारे धन’ असा काहीसा करता येईल. नाण्याचा लेख आता वस्तूचे माप न सांगता राजसत्तेचे विधान करू लागला. ही अक्षरे त्या काळातील थोर सुलेखनकार औयांग श्युन याच्या हातची आहेत. विशेष म्हणजे ती कोणत्या क्रमाने वाचावीत याविषयी चिनी पंडितांत दीर्घकाळ वाद झाला. वर, खाली, उजवीकडे, डावीकडे असे वाचले तर ‘खाय-युआन थोंग-पाओ’. वरून वर्तुळाकार वाचले तर ‘खाय-थोंग युआन-पाओ’. दोन्ही वाचने अर्थपूर्ण आहेत. अवघ्या चार अक्षरांच्या लेखातही पाठनिर्णयाचा प्रश्न उभा राहतो, हे साहित्याच्या अभ्यासकाला परकीय वाटू नये.

सुंग काळापासून नाण्यावर सम्राटाच्या कालखंडाचे नाव घालण्याचा प्रघात नियमित झाला. सम्राटाचे व्यक्तिनाम किंवा मुखचित्र नाण्यावर येत नसे. त्याने आपल्या राजवटीला दिलेले मंगलसूचक नाव येत असे. सुंग सम्राट ह्वेइ-चुंग स्वतः चित्रकार व सुलेखनकार होता आणि त्याच्या नाण्यांवर त्याच्याच सडपातळ, टोकदार वळणाची अक्षरे आढळतात. अकराव्या शतकाच्या अखेरच्या चरणात कांस्यनाण्यांचे उत्पादन वर्षाला पन्नास लाख माळांवर गेले होते आणि एक माळ म्हणजे नाममात्र हजार नाणी. इतक्या प्रचंड संख्येने निघालेल्या या लेखनाचा विषय एकच होता: आज कालगणना कोणाची चालते.

म्हणूनच चीनमध्ये नवी राजवट जाहीर करणे म्हणजे नवे नाणे ओतणे. १८५१ मध्ये उठाव केलेल्या थाइफिंग बंडखोरांनी १८५३ मध्ये नानकिंग जिंकून तेथे राजधानी केली आणि आपल्या ‘स्वर्गीय राज्या’च्या नावाची नाणी काढली. मान्चू सम्राटाच्या नावाचे नाणे ओतत राहणारा बंडखोर तेथे कल्पनेतही बसत नाही. चीनच्या अंतर्भागात नाण्यावरील नाव हा राजसत्तेचा दावा असतो, असे विधान निःशंकपणे करता येते.

३

दोन परंपरांतील फरक पुष्कळ अंशी नाणे घडविण्याच्या रीतीतून निघतो. चीनमधील नाणे ओतीव होते. उत्तरकाळात रूढ झालेली पद्धत अशी: प्रथम एक आद्य नाणे हाताने कोरले जाई, त्यावरून मातृनाणी ओतली जात, ही मातृनाणी निरनिराळ्या टाकसाळींकडे जात, त्यांचे ठसे बारीक वाळूच्या साच्यात उठवून वितळलेला धातू ओतला जाई. साचा फोडल्यावर फांद्यांना फळे लागावीत तशी नाणी लागलेले एक धातूचे झाड हाती येई. नाणी तोडून, मधल्या चौकोनी छिद्रातून चौकोनी गजावर घट्ट ओवून त्यांच्या कडा कानशीने घासल्या जात. धातू आरंभी तांबे, कथील व शिसे यांचे कांस्य. सोळाव्या शतकापासून पुढे जस्त मिसळलेले पितळ.

हस्तलिखितांच्या परंपरेशी परिचित असलेल्या वाचकाला यात मूळ प्रत, तिच्या अधिकृत नकला आणि प्रचारातील प्रती अशी वंशावळ सहज दिसेल. साम्राज्याच्या दोन टोकांना निघालेल्या नाण्यांचा पाठ सारखाच राही, कारण मातृनाणे सारखे होते. प्रत्येक नाण्यावर चारही अक्षरे पूर्ण उमटत.

आपल्याकडील नाणे ठोकीव होते. तोललेली धातूची चकती खालच्या ठशावर ठेवायची, वरचा ठसा धरायचा आणि हातोडा मारायचा. मोगली धर्तीच्या रुपयांचे ठसे बहुधा चकतीहून मोठे असत. परिणामी ठशावरील पूर्ण लेख एकाही नाण्यावर उतरत नसे. एका रुपयावर बादशहाच्या नावाचा अर्धा भाग, दुसऱ्यावर सनाचे दोन अंक, तिसऱ्यावर टाकसाळीच्या नावाची काही अक्षरे. पूर्ण पाठ हवा असेल तर अनेक नाणी शेजारी ठेवून तो जुळवावा लागतो. प्रत्यक्ष वापरणाऱ्याने तो कधीच पूर्ण पाहिला नाही, आणि पाहण्याची त्याला गरजही नव्हती. नाणे ओळखायचे ते चिन्हावरून, घडणीवरून, वजनावरून आणि आवाजावरून. ते काम सराफाचे. ‘खणखणीत नाणे’ हा मराठीतील शब्दप्रयोग कानाने केलेल्या वाचनाचाच आहे.

चिनी नाण्यात पाठ अखंड आहे आणि त्याचा प्रवर्तक जिवंत आहे; बळवंतनगरच्या नाण्यात पाठ खंडित आहे आणि त्याचा नामधारी प्रवर्तक दूर दिल्लीत आहे. या दोन लेखनांना वाचनाचा एकच नियम लावणे म्हणजे दोन भिन्न साहित्यप्रकारांना एकाच कसोटीवर घासणे होय.

४

आता बळवंतनगरकडे वळू. झाशीचा किल्ला ओरछाच्या वीरसिंहदेव बुंदेल्याने १६१३ मध्ये बांधला. महंमदखान बंगषाच्या संकटातून १७२९ मध्ये सोडविल्याबद्दल छत्रसालाने आपल्या राज्याचा तिसरा हिस्सा बाजीरावाला दिला आणि मराठ्यांचा बुंदेलखंडात कायमचा शिरकाव झाला. नारोशंकराने १७४२ नंतरच्या वर्षांत किल्ला वाढविला आणि शहराची वसाहत केली. नेवाळकर त्याच्या नंतरचे. हे सर्व घराणे, त्याचे कारकून, शास्त्री, सराफ मराठी बोलत होते. दरबाराचे व्यवहार मोडी आणि फारसी अशा दोन लिप्यांत चालत होते. बाजारात बुंदेली होती. रुपया मात्र फक्त फारसी बोलत होता.

मोगल नाण्यांवर फारसी पद्य घालण्याची चाल जहांगीरच्या काळात बहरली. शाह आलमच्या नावाच्या रुपयांवर सामान्यतः आढळणारी द्विपदी त्याला धर्माचा रक्षक आणि ईश्वरी कृपेची छाया म्हणते, आणि त्याने सप्तखंडांवर आपला शिक्का मारला असे सांगते. ज्या बादशहाचे डोळे १७८८ मध्ये गुलाम कादिराने दिल्लीच्या लाल किल्ल्यातच काढले, त्याची ही बिरुदावली आहे. या विसंगतीवर उपरोधाने बोट ठेवणे सोपे आहे. परंतु उपरोध हा आजच्या वाचकाचा आहे. तत्कालीन सराफाला त्या द्विपदीत बादशहाच्या स्थितीविषयीचे वर्तमान शोधायचे नव्हते. पत्राच्या आरंभी ‘श्रीमंत राजश्री’ लिहिताना समोरच्याची संपत्ती मोजली जात नाही, तसेच हे मायन्याचे लेखन होते.

‘बळवंतनगर’ हे नावही मायन्याचेच. लोकांच्या तोंडी गाव झाशीच होते. सागरच्या मराठी टाकसाळीच्या रुपयांवरही ‘रविशनगर सागर’ असे भारदस्त नाव आहे. याउलट शेजारच्या ओरछाच्या गजाशाही नाण्यांवर गदेचे चिन्ह असे, आणि फारसी न जाणणाऱ्या माणसाला नाणे कोठले ते त्या गदेवरून कळे. लेख बादशहाचा आणि खूण स्थानिकाची, अशी या नाण्यांची दुपदरी रचना होती. खऱ्या अधिकाराची ओळख खुणेत, टाकसाळीच्या नावात आणि बाजारभावात होती.

एका गोष्टीने हा मुद्दा निर्णायक होतो. ज्या कंपनीने झाशीच्या सार्वभौमत्वाविषयी शंका घेतली, ती स्वतः बंगाल प्रांतात १८३५ पर्यंत शाह आलमच्याच नावाने रुपये पाडत होती. मुर्शिदाबादी शिक्क्यावर त्याच्या राज्यारोहणाचे १९ वे आणि फर्रुखाबादी शिक्क्यावर ४५ वे वर्ष गोठवून ठेवले होते. बादशहा १८०६ मध्ये वारला तरी वर्ष बदलले नाही. नाण्यावरील नावावरून नेवाळकरांना अंकित ठरवायचे, तर त्याच न्यायाने प्लासी, बक्सार आणि दिल्ली जिंकलेली कंपनीही १८३५ पर्यंत मोगलांची चाकर ठरते. कंपनीचा कोणताही मुत्सद्दी हे मान्य करणार नाही. म्हणजे नाव हा दावा नव्हता, प्रघात होता. आणि तो दोघांनीही सारख्याच जाणतेपणाने पाळला.

५

येथे एक आक्षेप संभवतो. मराठ्यांना स्वतःच्या नावाचे नाणे ठाऊक नव्हते असे तर नाही. १६७४ मध्ये रायगडावर राज्याभिषेक झाला त्या वेळी शिवाजी महाराजांनी सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई काढली. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’, लिपी देवनागरी. फारसी राजव्यवहारशब्दांना संस्कृत पर्याय देणारा ‘राज्यव्यवहारकोश’ याच काळातला. हे नाणे चिनी अर्थाने दावा करणारे आहे यात संशय नाही. नवे राज्य, नवा शक, नवी भाषा आणि नवे नाणे हे चारही घटक येथे एकत्र येतात.

परंतु पुढचा इतिहास अधिक बोधप्रद आहे. शिवराई शिवकालानंतर बंद पडली नाही. पेशवाईत ती अनेक ठिकाणी पाडली जात राहिली आणि पेशवाई बुडाल्यावरही दक्षिणेतील बाजारांत दीर्घकाळ चालली. पेशवे सरकार टाकसाळी बहुधा स्वतः चालवीत नसे. सोनार व सावकार यांना ठराविक रक्कम घेऊन परवाने दिले जात आणि पैशाचे वजन किती मासे असावे ते सनदेत नमूद केले जाई. न्यायमूर्ती म. गो. रानडे यांनी मराठी राज्यातील चलन व टाकसाळी यांवरील आपल्या निबंधात या परवान्यांकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. ठसे कोरणारे हात बदलत गेले तसा पाठही बदलत गेला. ‘शिव’चे ‘सिव’ झाले, अक्षरे उलटी पडली, ओळी सरकल्या. एकाच अधिकृत प्रतीची शिस्त येथे नव्हती, मौखिक परंपरेतील पाठभेदांसारखे हे पाठभेद आहेत. एके काळी दावा असलेला लेख शतकभरात प्रघात झाला. पेशव्यांचे नाव नाण्यावर आले नाही. तांब्यावर छत्रपती राहिले आणि चांदीवर बादशहा.

दख्खनमध्ये चांदी फारसी आणि तांबे मराठी, अशी ही वाटणी होती. चांदीचा रुपया दूरच्या व्यापारात, हुंडीच्या व्यवहारात आणि फौजेच्या पगारात फिरे. तेथे मोगली घडण हीच सर्वमान्य भाषा होती. तांब्याचा पैसा गावच्या बाजारात, देवापुढच्या तबकात आणि भिक्षेच्या झोळीत पडे. तेथे देशी अक्षर चालले. झाशी मराठी मुलखाच्या उत्तर सीमेवर होती आणि तेथे ही वाटणी मोडते. बळवंतनगरच्या तांब्याच्या पैशावरही शाह आलमचेच नाव आहे. झाशीच्या बाजारात ‘छत्रपति’ हा शब्द नाणे म्हणून ओळखला गेला नसता. नाणे राज्यकर्त्याच्या मातृभाषेत बोलत नाही. ज्या बाजारात त्याला चालायचे असते त्या बाजाराला परिचित असलेल्या रूपात ते बोलते.

चीनच्या बाबतीत ही वाटणी नेमकी उलटी होती. तेथे चांदी मुकी होती. ती पासांच्या आणि लगड्यांच्या रूपात तोलली जाई. तिच्यावर सराफाचा शिक्का असला तरी सम्राटाचे नाव नसे. राजसत्ता बोलत असे ती फक्त हलक्या धातूतून, म्हणजे गरिबाच्या हातातल्या कांस्यनाण्यातून. छिंग काळात त्याच्या मागच्या बाजूला टाकसाळीचे नाव मान्चू लिपीत असे, आणि १७५९ च्या विजयानंतर मध्य आशियातील यारकंद, अक्सू येथील तांबड्या नाण्यांवर चिनी, मान्चू आणि तुर्की अशा तीन भाषा एकत्र आल्या. शाह आलम आणि छ्येनलुंग सम्राट समकालीन होते. एकाचे नाव ज्या प्रदेशात त्याची सत्ता उरली नव्हती तेथे उमटत होते. दुसऱ्याचे नाव जेथे त्याची सत्ता नव्याने पोहोचली तेथे, तेथील लोकांच्या लिपीसह, उमटत होते.

असे असले तरी चीन म्हणजे दावा आणि भारत म्हणजे प्रघात अशी ठोकळेबाज विभागणी करणे चूक ठरेल. दहाव्या शतकानंतर जपानने स्वतःची नाणी पाडणे सोडले आणि सतराव्या शतकात नवे अधिकृत नाणे येईपर्यंत तेथील बाजार मुख्यतः चीनमधून आणलेल्या नाण्यांवर आणि त्यांच्या स्थानिक नकलांवर चालला. त्या नकलांवरही चिनी सम्राटांच्या कालखंडांची नावे होती. म्हणून जपान हा चीनचा प्रांत होता असे कोणी म्हणत नाही. तमिळनाडूत तंजावर भागातील भूमिगत ठेव्यांत सुंगकालीन नाणी सापडली आहेत. तीही व्यापाराची खूण मानली जातात, सत्तेची नव्हे. दावा आणि प्रघात ही दोन देशांची लक्षणे नसून नाण्याच्या वापराच्या दोन अवस्था आहेत.

६

या तुलनेला एक ऐतिहासिक धागाही आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शिंदे-होळकरांच्या माळव्यातील अफू दमणच्या व मुंबईच्या बंदरांतून चीनला जात होती. झाशीचा या व्यापाराशी विशेष संबंध नव्हता, परंतु तिच्या पश्चिमेचा मोठा मराठी मुलूख त्यात गुंतलेला होता. अफूच्या मोबदल्यात चीनमधून चांदी बाहेर गेली. चांदीच्या एका तोळ्याला, म्हणजे तेथील ल्यांगला, हजार कांस्यनाणी हा सरकारी भाव होता. अफूबरोबर इतर कारणेही घडून १८५० च्या सुमारास अनेक भागांत तो दोन हजारांवर गेला. शेतकऱ्याची कमाई कांस्यात आणि सारा चांदीत, त्यामुळे भाव दुप्पट होणे म्हणजे करही दुप्पट होणे. थाइफिंग उठावामागील हालअपेष्टांत या गोष्टीचा वाटा होता.

१८५३ मध्ये श्येनफंग सम्राटाच्या सरकारने तुटीवर उपाय म्हणून दहा, पन्नास, शंभर, पाचशे, हजार अशा दर्शनी किमतीची मोठी नाणी काढली. धातू थोडा, किंमत मोठी. नाणे स्वीकारण्याची सक्ती होती, सम्राटाचे नाव होते, सुबक अक्षरे होती; तरी लोकांनी ती घेतली नाहीत आणि सर्वांत मोठी नाणी लवकरच मागे घ्यावी लागली. नाण्यावरील दाव्याची सीमा येथे दिसते. नाव कितीही मोठे असले तरी घेणारा नाकारू शकतो.

त्याच वर्षी, २१ नोव्हेंबर १८५३ रोजी, गंगाधरराव वारले. पुढच्या वर्षी संस्थान खालसा झाले. त्यापूर्वी १८३२ मध्ये कंपनीने रामचंद्ररावांना दिलेल्या किताबात ‘महाराजाधिराज फिदवी बादशाह जमजाह इंग्लिस्तान’ असे शब्द होते. म्हणजे किताब इंग्लंडच्या बादशहाचा सेवक म्हणवीत होता, तर नाण्याची परंपरा दिल्लीच्या बादशहाची होती. दोन्ही बादशहा झाशीपासून दूर होते. जून १८५७ मध्ये झाशीत जी दवंडी पिटली गेल्याचे सांगितले जाते तिची रचनाही अशीच आहे: सृष्टी ईश्वराची, मुलूख बादशहाचा आणि अंमल लक्ष्मीबाईचा. बळवंतनगरच्या रुपयाचे व्याकरण या दवंडीत जसेच्या तसे आहे. बादशहाचे नाव वर आहे म्हणून अंमल बाईसाहेबांचा नाही, असे दवंडी ऐकणाऱ्या कोणालाही वाटले नसेल. नाणे वाचताना मात्र आपण तोच प्रमाद करतो.

या काळाचा सर्वांत जिवंत मराठी साक्षीदार म्हणजे वरसईचे विष्णुभट गोडसे. मथुरेत बायजाबाई शिंदे यज्ञ करणार, दक्षिणा मिळेल, या आशेने ते निघाले होते. त्यांचा ‘माझा प्रवास’ १८८३ मध्ये लिहिला गेला आणि १९०७ मध्ये चिंतामणराव वैद्यांनी प्रसिद्ध केला. पैसा हे या प्रवासाचे प्रयोजन असल्याने पैशाकडे पाहण्याची गोडसे यांची नजर स्वच्छ आहे. एप्रिल १८५८ मध्ये झाशी पडल्यावर झालेल्या लुटीच्या वर्णनात सोनेचांदी आधी, मग तांब्यापितळेची भांडी, मग कापड आणि धान्य अशी उतरंड लागते. नाण्यावरील नाव येथे पूर्ण निरर्थक झाले आहे. उरली आहे ती धातूची श्रेणी. लुटीच्या वेळी प्रत्येक नाणे चीनमधल्या मुक्या चांदीसारखे होते.

७

नाणी वितळली तरी त्यांचे शब्द राहिले. हा पुरावा साहित्याभ्यासकाच्या विशेष अधिकारातला आहे. चिनी नाण्याला परदेशी व्यापारी ‘कॅश’ म्हणत. हा शब्द पोर्तुगीजांच्या तोंडून गेला असला तरी त्याचे मूळ तमिळ ‘कासु’ आणि त्यापलीकडे संस्कृत ‘कर्ष’ येथे नेले जाते. चिनी वजनांतील दशांश तोळ्याला व्यापारी ‘मेस’ म्हणत. मलायी भाषेतून आलेल्या या शब्दाचा संबंध ‘माष’ या संस्कृत शब्दाशी, म्हणजे आपल्या सोनारांच्या माशाशी, जोडला जातो. साम्राज्याने स्वतःच्या नाण्यावर काय लिहिले याची फिकीर न करता बाजाराने त्याला दक्षिण भारताचे नाव दिले.

दोन्ही भाषांच्या तळाशी कवडी आहे. चिनी लिपीत खरेदी, विक्री, धन, दारिद्र्य या अर्थांच्या अक्षरांत शिंपल्याचे चिन्ह अंगभूत आहे. मराठीत ‘कवडीमोल’, ‘कवडीचुंबक’ आणि ‘फुटकी कवडी’ आहे. कांस्यनाण्याविषयीचा उपहासही दोन्हीकडे आहे. तिसऱ्या शतकाच्या अखेरीस लू पाओ याने धनदेवतेवर लिहिलेल्या उपरोधिक निबंधात चौकोनी छिद्राच्या नाण्याला आदराने मोठ्या भावाची पदवी दिली, आणि ‘छिद्र-चौकोन दादा’ हे नाव चिनी भाषेत रूढ झाले. मराठीने जाड, बोजड पैशाला ‘ढब्बू’ म्हटले आणि तो शब्द माणसालाही लावला. तेथे नाण्याला माणसाचे नाते मिळाले, येथे माणसाला नाण्याचे नाव.

मराठीत मुरलेले उरलेले शब्द पाहावेत. ‘बट्टा’ म्हणजे कमअस्सल किंवा परमुलखातील नाण्यावर सराफाने कापलेली रक्कम. आज नावाला बट्टा लागतो. ‘नाणावलेला’ म्हणजे पारखून घेतलेला. ‘बंदा रुपया’ म्हणजे अभंग, ‘खुर्दा’ म्हणजे मोड आणि पराभूत सैन्याचा चक्काचूरही. पोतदार, पोतनीस, सराफ, टाकसाळे ही आडनावे झाली. या सर्व शब्दांत एकही शब्द राजाच्या नावाविषयीचा नाही. सर्व परीक्षेविषयीचे आहेत. अपवाद फक्त शिवराईचा. ज्या एका नाण्याने देशी भाषेत दावा केला, तेवढ्याच नाण्याचे नाव राजाच्या नावावरून पडले आणि टिकले. दावा आणि प्रघात यांतील भेद भाषेने असा आपल्या पद्धतीने नोंदवून ठेवला आहे.

८

या विवेचनातून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, नाण्यावरील लेख वाचताना तो कोणत्या प्रकारचे विधान करतो हे आधी ठरविले पाहिजे. चिनी कालखंडनाम, शिवराईवरील ‘छत्रपति’ आणि बळवंतनगरचा शाह आलम ही तीन नावे एकाच अर्थाने ‘राजाचे नाव’ नाहीत. दुसरी, दावा आणि प्रघात या अवस्था एकमेकींत रूपांतरित होतात. शिवराई दाव्याकडून प्रघाताकडे गेली, तर १८३५ मध्ये कंपनीने चौथ्या विल्यमचे मुखचित्र रुपयावर घालून प्रघात मोडला आणि दावा केला. झाशीचे १८५४ हे त्या बदलानंतर एकोणीस वर्षांनी आलेले आहे. नेवाळकरांना ज्या मापाने मोजले गेले ते माप त्यांच्या नाण्याच्या काळात अस्तित्वात नव्हते.

तिसरी गोष्ट अभ्यासाच्या दिशेविषयीची आहे. राणीच्या चरित्राची परंपरा द. ब. पारसनीस यांच्यापासून वृंदावनलाल वर्मा आणि महाश्वेतादेवी यांच्यापर्यंत तीन भाषांत समृद्ध आहे. प्रभुत्वाचा प्रश्न तेथे मुख्यतः उद्गार आणि शौर्य यांच्या द्वारे मांडला जातो. रोजच्या देवघेवीत प्रभुत्व कसे ओळखले जाई, हे सांगणारी सामग्री मात्र नाण्यांत, सराफांच्या वह्यांत आणि मोडी हिशेबांत आहे. बुंदेलखंडातील मराठी घराण्यांचे कागद वाचताना रुपयाच्या आकड्याबरोबर तो कोणत्या शिक्क्याचा आणि किती बट्ट्याने घेतला याचीही नोंद अभ्यासकांनी टिपून ठेवावी. त्या नोंदी एकत्र आल्या म्हणजे बळवंतनगरचा शिक्का कोठवर विश्वासाने घेतला जात होता हे कळेल, आणि झाशीच्या सत्तेची खरी सीमा कोणत्याही तहनाम्यापेक्षा त्यावरून अधिक नेमकी आखता येईल.